आपलं डॉक्टरपण वाटून टाकणारी बाई

जामखेड अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमध्ये मोडतं. पण पाऊस, माती आणि माणसांचे हाल पाहिले तर ते मराठवाड्याचंच गाव. पाटोदा आणि आष्टी हे बीडचे तालुके त्याला लागूनच आहेत. जिरायती ज्वारी, आटलेल्या विहिरी आणि हंगाम आला की ऊसतोडीला निघणारी बिऱ्हाडं इथेही तशीच. डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे १९७० साली इथे आले. तेव्हा या भागात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १७६ बाळं पहिला वाढदिवस पाहत नव्हती.

मेबल आरोळे यांचं नाव बहुतेक वेळा पतीच्या नावाला जोडूनच येतं. दोघांचं काम वेगळं करता येत नाही हे खरं, आणि तसं त्यांनाही आवडलं नसतं. तरी हा लेख मुद्दाम त्यांच्याविषयी लिहितो आहे. श्रद्धाळू ख्रिस्ती घरातून आलेल्या या बाईने सेवेचा जो अर्थ लावला, तो आपल्याकडे अजून पुरता समजून घेतला गेलेला नाही, असं मला वाटतं.

त्यांचा जन्म १९३५ सालचा, जबलपूरचा. वडील तिथल्या लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेजात शिकवत. घरात प्रार्थना होती, पुस्तकं होती आणि चर्च हा रोजच्या जगण्याचा भाग होता. मराठी मात्र त्यांची मातृभाषा नव्हती. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्या वैद्यकी शिकल्या. तिथेच नगर जिल्ह्यातल्या सुप्याचे रजनीकांत भेटले. १९६० साली लग्न झालं. आयुष्य खेड्यातल्या गोरगरिबांसाठी घालवायचं, अशी शपथ दोघांनी लग्नातच घेतली. तरुणपणी अशा शपथा पुष्कळ जण घेतात. या दोघांनी ती शेवटपर्यंत पाळली.

पहिली काही वर्षं नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात गेली. दवाखाना चांगला चालत होता, शस्त्रक्रिया होत होत्या, बाळंतपणं होत होती. पण जुलाबाने सुकलेलं मूल बरं होऊन घरी जायचं आणि काही आठवड्यांनी पुन्हा तसंच परत यायचं. येणारे बहुतेक आजार टाळता येण्यासारखे होते. दवाखान्यात बसून ते टळणार नव्हते, कारण त्यांची मुळं गावातल्या पाण्यात, उपासमारीत, जातीत आणि बाईच्या दुय्यमपणात होती. दोघं अमेरिकेला गेले आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्राध्यापक कार्ल टेलर यांच्याकडे सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं. परतले ते थेट जामखेडला. सुरुवातीला जनावरांच्या जुन्या दवाखान्याची जागा मिळाली, तिथेच काम सुरू झालं.

लगेचच १९७२चा दुष्काळ आला. मराठवाड्याच्या जुन्या माणसांना त्या सालाबद्दल काही सांगायला नको. सुकडी, खडी फोडायची कामं आणि मैलभर लांबून आणलेला हंडा आजही आठवणीत आहेत. अशा वेळी औषध काय कामाचं? आरोळ्यांनी आधी मुलांच्या जेवणाची आणि पाण्याची सोय पाहिली. कूपनलिका घेतानाचा त्यांचा निर्णय महत्त्वाचा होता. हातपंप शक्यतो दलित वस्तीत बसवायचा, असं ठरलं. पाणी हवं असेल त्याने तिथे यावं. अस्पृश्यतेवर व्याख्यान देण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी थेट होता.

सर्वांत मोठं पाऊल पुढे पडलं, आणि तेही एका अपयशातून. गावोगाव आरोग्यसेवा न्यायची म्हणून आधी शिकलेल्या नर्सेस नेमल्या होत्या. त्यांना खेड्यात राहणं जमेना, आणि गावालाही त्या परक्या वाटत. तेव्हा गावानेच आपल्यातली एक बाई निवडून द्यावी असं ठरलं. पुढे आल्या त्यातल्या बऱ्याच जणींना अक्षरओळख नव्हती. कोणी दलित होती, कोणी नवऱ्याने टाकलेली. आयुष्यात कुणी त्यांचं मत विचारलेलं नव्हतं. अशा बायकांना गरोदर बाई तपासणं, स्वच्छ बाळंतपण करणं, मुलांचं वजन घेणं, जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी देणं, आणि क्षय व कुष्ठरोग ओळखणं शिकवायचं होतं. मेबलबाईंनी ते शिकवलं. दर आठवड्याला बायका जामखेडला जमायच्या, मुक्काम करायच्या, गावातल्या अडचणी मांडायच्या आणि नवं काही शिकून परतायच्या. सुरुवातीला वेगवेगळ्या जातींच्या बायका एकत्र जेवायला, शेजारी झोपायला कचरायच्या. पुढे त्या सगळ्या एकाच मोठ्या पांघरुणाखाली झोपू लागल्या.

डॉक्टर आपलं ज्ञान सहसा हातचं राखून ठेवतो, त्याच्या मानाचा आणि मिळकतीचा तो आधार असतो. मेबलबाई ते वाटत गेल्या. आपल्यावाचून गावाचं अडू नये, हेच त्यांच्या कामाचं उद्दिष्ट होतं. मला यात त्यांची श्रद्धा सर्वांत स्पष्ट दिसते. जामखेडचं काम धर्मांतरासाठी नव्हतं. तिथे शिकलेल्या बायका आपापल्या धर्मात आणि देवात राहिल्या. पण समाजाने ज्यांना सर्वांत शेवटी बसवलं त्यांना पहिल्या रांगेत आणायचं, हा आग्रह प्रार्थनेत वाढलेल्या मनाचा होता.

या आग्रहाला नगर जिल्ह्यात जुनी परंपरा आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईला आल्या आणि १८३९ पासून १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत अहमदनगरला मुली शिकवत राहिल्या. त्यांच्या शाळा पाहूनच मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाल्याचं जोतीराव फुले यांनी स्वतः सांगितलं आहे. लक्ष्मीबाई टिळकांनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला तो याच जिल्ह्यातल्या राहुरीला. पुढे अनाथ मुलांना पोटाशी धरून त्यांनी आपला संसार चर्चच्या अंगणाएवढा मोठा केला. मिशनने नेमलेल्या देशी बायका घरोघर जाऊन वाचून दाखवत, आजाऱ्याजवळ बसत. त्यांच्यातल्या फारच थोड्या जणींची नावं कागदावर राहिली. जामखेडची आरोग्यसेविका ही त्या फिरणाऱ्या बाईची लेक आहे, असं मी मानतो. फरक एवढाच की तिच्या पिशवीत धर्मग्रंथाऐवजी वजनकाटा आला.

फळ लवकर दिसलं. १९७६ पर्यंत बालमृत्यूचं प्रमाण हजारी १७६ वरून ५२ वर आलं. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली लोकांच्या सहभागातून चालणाऱ्या आरोग्यकार्यावर जे पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर आरोळ्यांचं प्रकरण आहे. १९७८च्या आल्मा-आटा परिषदेने प्राथमिक आरोग्याचा जाहीरनामा काढला, त्याआधीच जामखेड जगाच्या नकाशावर होतं. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९० साली पद्मभूषण. १९९४ साली दोघांनी मिळून जामखेडची हकीकत पुस्तकरूपात लिहिली. जिथे पुरुष डॉक्टरला बोलावून घरातली बाई दाखवायला लोक तयार नसत, तिथल्या बायका परदेशातून शिकायला आलेल्या डॉक्टरांना धडे देऊ लागल्या. २७ सप्टेंबर १९९९ रोजी मेबलबाई गेल्या. रजनीकांत २०११ मध्ये गेले. मुलं शोभा आणि रवी यांनी काम पुढे चालवलं.

हे सगळं हिमायतनगरच्या वाचकासाठी का लिहायचं? तेलंगणाच्या सीमेवरचा हा तालुका नांदेड जिल्ह्याच्या अगदी टोकाला. त्यात बंजारा तांडे आहेत, आंध आदिवासींची गावं आहेत. मोठ्या दवाखान्यासाठी नांदेड गाठायचं म्हणजे दिवस मोडतो. अशा ठिकाणी बाळ-बाळंतिणीचा पहिला आधार आशाताईच. २००५च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आशा आली. गावातलीच बाई गावाच्या आरोग्यासाठी नेमायची, ही कल्पना जामखेडने तीन दशकं आधी करून दाखवली होती. पण जामखेडचा गाभा सरकारी योजनेत पूर्ण उतरला नाही. तिथे दर आठवड्याला शिकणं होतं, प्रश्न विचारायची मुभा होती, डॉक्टरशी समोरासमोर बोलणं होतं. इथे आशाताईच्या वाट्याला रजिस्टरं, कामागणिक मोबदला आणि थकलेल्या मानधनासाठी मोर्चे आले. गावाने निवडायची बाई बऱ्याच ठिकाणी पुढाऱ्याच्या शिफारशीने नेमली जाते, हेही गावात कुणाला नवीन नाही.

आशासाठी अभियानाने सुरुवातीला किमान आठवीपर्यंतच्या शिक्षणाची अट ठेवली होती. योग्य बाई न मिळाल्यास ती शिथिल करता येई, पण प्राधान्य शिकलेलीलाच होतं. ती अट १९७०च्या दशकात जामखेडला लावली असती, तर मेबलबाईंच्या पहिल्या तुकडीतल्या बहुतेक जणी दारातूनच परत गेल्या असत्या.