देगाच्या घरातल्या नर्तकी

चित्रकार एद्गार देगा १९१७ च्या सप्टेंबरात पॅरिसमध्ये वारला. त्याच्या घराची मोजदाद झाली तेव्हा तीन मजल्यांवर इथेतिथे पडलेल्या दीडशेच्या आसपास मूर्ती निघाल्या. मेणाच्या, मातीच्या, प्लॅस्टिलिनच्या. बऱ्याचशा मोडलेल्या, काहींचा तर भुगाच झालेला. धड उरल्या होत्या त्यांत घोडे होते, अंघोळ करणाऱ्या बायका होत्या, आणि मुख्य म्हणजे नर्तकी होत्या. बहुतेक हातभर किंवा त्याहून लहान.

हयातीत त्याने लोकांपुढे मांडली ती यांतली एकच, ‘चौदा वर्षांची छोटी नर्तकी’. ही मात्र जवळजवळ मीटरभर उंच. १८८१ साली इम्प्रेशनिस्टांच्या सहाव्या प्रदर्शनात ती काचेच्या पेटीत उभी होती. अंग मेणाचे, पण चोळी आणि घागरा खऱ्या कापडाचे, डोक्यावर खऱ्या केसांचा टोप, वेणीला रेशमी फीत. समोर उभी राहिली होती ऑपेराच्या नृत्यशाळेतली मारी व्हान गोथेम, एका धोबिणीची मुलगी. टीकाकारांना त्या चेहऱ्यात माकड दिसले. त्या टीकेने देगा खचला आणि म्हणून पुढे काही दाखवेना, असे म्हणण्याचा मोह होतो. मला ते पटत नाही. खचलेला माणूस पुढची तीसेक वर्षे मूर्ती कशाला करत बसेल?

त्या तो स्वतःसाठी करत होता. एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायाचा तळवा हाताने धरून बघणारी नर्तकी त्याने पुन्हापुन्हा केली. ही ढब धरून ठेवायची म्हणजे समोरच्या बाईचे हाल. पण शरीराचा तोल नेमका कुठून सुटतो आणि कुठे सावरतो, हेच त्याला हवे होते. डोळे अधू होत गेले तसा बोटांवरचा भरवसा वाढला. मूर्ती पुरी झाली म्हणून तो क्वचितच थांबे. मोडायची, परत जुळवायची.

सांगाडाही हाताला लागेल त्याचा. क्ष-किरणांनी पाहिले तेव्हा मेणाच्या पोटात तारा, दारूच्या बाटल्यांची बुचे आणि छोट्या नर्तकीच्या हातांत चक्क कुंचल्यांचे दांडे दिसले. ब्राँझमध्ये ओतून घ्यायला तो तयार नव्हता. ब्राँझ कायमचे टिकते, एवढी जबाबदारी आपल्याला झेपणार नाही, असे त्याने चित्रविक्रेता व्होलारला सांगितल्याची नोंद आहे.

वारसांनी १९१८ मध्ये एब्रारच्या ओतशाळेशी करार केला. डागडुजी देगाचा शिल्पकार मित्र बार्तोलोमे याने पाहिली, ओतकाम मिलानच्या अल्बिनो पालाझोलोने. मेण वितळवून धातू ओतण्याची रीत चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’तही आहे, पण तिच्यात मूळ मेण गमवावे लागते. पालाझोलोला ते वाचवायचे होते. म्हणून त्याने जिलेटिनचे साचे घेतले, त्यांतून दुसरे मेण काढले आणि बळी दिला तो त्या दुसऱ्याचा. सत्तरहून थोड्या अधिक मूर्ती अशा धातूत आल्या. प्रत्येकीच्या वीस प्रती विक्रीला, शिवाय वारसांना आणि ओतशाळेला एकेक. न्यूयॉर्क, कोपनहेगन, साओ पाउलो इथल्या संग्रहालयांत आज दिसतात त्या नर्तकी यांतल्याच.

देगाच्या मनाविरुद्ध झाले म्हणून या करारावर कोणी बोट ठेवले तर ते चूक नाही. पण तो झाला नसता तर मातीच्या कित्येक मूर्तींचे केव्हाच पीठ झाले असते, हेही तितकेच खरे.

मूळ मेणे नष्ट झाली असे सगळे धरून चालले होते. १९५५ मध्ये ती न्यूयॉर्कच्या एका गॅलरीत प्रकटली. संग्राहक पॉल मेलनने ती विकत घेतली, आणि त्यांतली बरीचशी आता वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहेत. १९७६ मध्ये आणखी एक संच उजेडात आला. मेणावरून पहिल्यांदा ओतलेले हे नमुना-ब्राँझ; विकलेल्या प्रती यांच्यावरूनच काढल्या होत्या. धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे जगभर पोचलेल्या त्या नर्तकी देगाच्या हातच्या मेणापेक्षा किंचित बुटक्या आहेत.