श्रीलंकेची करसवलत
जपान सरकारचे कर्ज त्या देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या दुपटीहून अधिक आहे. श्रीलंकेचे प्रमाण २०२२ मध्ये त्याच्या निम्म्याच्या आसपास होते. तरी बुडाली ती श्रीलंकाच. जपानचे कर्ज येनमध्ये आहे आणि सावकार बहुतांशी घरचेच. जवळपास निम्मे रोखे तर तिथल्या मध्यवर्ती बँकेकडेच आहेत. श्रीलंकेच्या परकीय कर्जाचा मोठा भाग डॉलरमध्ये होता, आणि डॉलर काही कोलंबोत छापता येत नाहीत.

एवढे बहुतेक जण सांगतात. माझ्या मते खरी गोम महसुलात आहे. डिसेंबर २०१९ मध्ये, निवडणुकीतल्या आश्वासनाप्रमाणे, गोटाबाया राजपक्षे सरकारने मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला. नोंदणीसाठीची वार्षिक उलाढालीची मर्यादा १.२ कोटी रुपयांवरून थेट ३० कोटींवर नेली. असंख्य व्यापारी एका फटक्यात जाळ्याबाहेर गेले. मग कोविड आला, पर्यटक थांबले. करउत्पन्न देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ८ टक्क्यांवर घसरले, पतमानांकन उतरले, बाहेर कोणी कर्ज देईना. तूट भरण्यासाठी मध्यवर्ती बँकेने रुपये छापले, तशी महागाई भडकली. एप्रिल २०२२ मध्ये, स्वातंत्र्यानंतर प्रथमच, सरकारने परकीय कर्जाची परतफेड थांबवली.

जानेवारी २०२४ पासून तोच कर १८ टक्के झाला. तो भरणाऱ्या गिऱ्हाइकाचा पगार महागाईने तोवर पोखरलेलाच होता.