संघ कोणाचा: गावाचा की मालकाचा?

एकाच शहरात एकाच खेळाचे दोन-तीन व्यावसायिक संघ नांदत असले, म्हणजे त्या शहराची निष्ठा विभागली जाणार हे उघडच आहे. प्रश्न असा, की ही निष्ठा म्हणजे नेमके काय? ग्राहकाने एका साबणाऐवजी दुसरा पसंत करावा, तशी ती निव्वळ आवड आहे, की त्याहून वेगळे काही? अर्थशास्त्राला हा प्रश्न सहसा पडत नाही. न्यूयॉर्कमधील बेसबॉलच्या इतिहासाने मात्र त्याचे उत्तर आकड्यांत देऊन ठेवले आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या महानगरात तीन संघ होते. मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला जायंट्स, नदीपलीकडे ब्रॉन्क्समध्ये यांकीज आणि ब्रुकलिनमध्ये डॉजर्स. जायंट्स व डॉजर्स एकाच लीगचे असल्याने त्यांची गाठ दर हंगामात २२ वेळा पडे. दुसऱ्या लीगच्या यांकीजशी सामना व्हायचा तो अंतिम ‘वर्ल्ड सीरीज’मध्येच.

ब्रुकलिन हे १८९८ पर्यंत स्वतंत्र शहर होते. त्या वर्षी ते न्यूयॉर्कमध्ये विलीन झाले आणि त्याची वेगळी ओळख ज्या थोड्या गोष्टींत शिल्लक राहिली, त्यांत डॉजर्स हा संघ प्रमुख होता. याच संघाने १९४७ साली जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूस मैदानात उतरवून मोठ्या लीगमधील वर्णभेदाची भिंत फोडली. खेळाच्या यशात मात्र यांकीज पुढे होते. १९४१, १९४७, १९४९, १९५२ आणि १९५३ अशा पाच वेळा डॉजर्स अंतिम लढतीत त्यांच्याकडूनच हरले, आणि १९५५ साली अखेर जिंकले. माल पाच वेळा खराब निघाला, तर ग्राहक दुकान बदलतो. येथे दुसरे दुकान भुयारी रेल्वेच्या एका तिकिटाच्या अंतरावर होते, तरीही ब्रुकलिनचा प्रेक्षक तिकडे वळला नाही.

मालकाचा हिशेब

संघाचे मालक वॉल्टर ओमॅली यांचा हिशेब वेगळा होता. जुन्या एबेट्स फील्डमध्ये जेमतेम ३२ हजार प्रेक्षक मावत, मोटारी उभ्या करण्यास जागा नव्हती आणि मध्यमवर्ग उपनगरांकडे चालला होता. ब्रुकलिनमध्येच स्वखर्चाने नवे मैदान बांधण्याची त्यांची तयारी होती. पण त्यासाठी शहराने जमीन संपादून द्यावी, असा त्यांचा आग्रह होता. नगररचनेची सूत्रे हाती असलेल्या रॉबर्ट मोझेस यांना तो अमान्य होता. त्यांनी क्वीन्समधील जागा सुचविली. उलट लॉस एंजेलिस शहर शेकडो एकर जमीन द्यायला सिद्ध होते. १९५७ चा हंगाम संपताच डॉजर्स तेथे गेले, तर जायंट्स सॅन फ्रान्सिस्कोला. जायंट्सचे वार्षिक प्रेक्षक साडेसहा लाखांवर आले होते. त्यांचे जाणे समजण्यासारखे होते. डॉजर्सना मात्र त्या वर्षीही दहा लाखांहून अधिक प्रेक्षक लाभले होते. ते गेले ते तोटा टाळण्यासाठी नव्हे, अधिक नफ्यासाठी.

हे एकाकी उदाहरण नव्हते. बॉस्टन, सेंट लुइस आणि फिलाडेल्फिया या प्रत्येकी दोन संघांच्या शहरांनी १९५३ ते १९५५ या काळात आपला एकेक संघ गमावला होता. संघांची संख्या व त्यांचे प्रदेश लीगच ठरविते. त्यातच १९२२ साली सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यांच्या कक्षेबाहेर ठेवले आणि १९५३ साली तोच निर्णय कायम केला. संघ थोडे आणि शहरे अनेक. मग संघांनी शहरांसाठी नव्हे, तर शहरांनी संघांसाठी स्पर्धा करावी, हे ओघानेच आले.

रिकाम्या खुर्च्यांची साक्ष

आता ते उत्तर. १९५८ साली संपूर्ण न्यूयॉर्क यांकीजना आंदण मिळाले. प्रतिस्पर्धी उरला नाही आणि त्या वर्षी त्यांनी वर्ल्ड सीरीजही जिंकली. तरीही त्यांचे प्रेक्षक वाढण्याऐवजी सुमारे १५ लाखांवरून १४ लाख २८ हजारांच्या आसपास उतरले. पोरके झालेले प्रेक्षक विजेत्याच्या दारी गेले नाहीत. १९६२ साली डॉजर्सचा निळा आणि जायंट्सचा नारिंगी रंग घेऊन मेट्स हा नवा संघ उभा राहिला. पहिल्याच हंगामात तो ४० सामने जिंकला आणि १२० हरला. तरी नऊ लाखांहून अधिक लोक त्याला पाहण्यास आले. १९६४ साली, नव्या मैदानाचे आकर्षण जमेस धरूनही, मेट्सच्या १७ लाख प्रेक्षकांपुढे आपल्या लीगचे विजेतेपद मिळविणाऱ्या यांकीजचे १३ लाख तोकडेच ठरले.

अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात असंतुष्ट ग्राहकापुढे दोन मार्ग मांडले: सोडून जाणे किंवा आवाज उठविणे. निष्ठा असली, म्हणजे माणूस चटकन सोडून जात नाही. थांबतो आणि बोलतो. बेसबॉलमध्ये हा सिद्धान्त उलटा होतो. येथे निष्ठावान ग्राहक जागेवर राहतो आणि सोडून जातो तो विक्रेता. ज्याला निघून जाण्याची मोकळीक आहे, त्याला दुसऱ्याचा आवाज ऐकण्याची गरज उरत नाही.

ओकलंडने हेच अनुभवले. १९५५ साली फिलाडेल्फिया सोडणारा अॅथलेटिक्स हा संघ कॅन्सस सिटीमार्गे १९६८ साली तेथे आला होता. खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोत न्यूयॉर्कहून गेलेले जायंट्स होतेच. मालकाने लास व्हेगसची वाट धरताच १३ जून २०२३ रोजी सुमारे २८ हजार प्रेक्षक मैदानात जमले आणि ‘संघ विका’ असे त्यांनी मालकाला बजावले. त्याच नोव्हेंबरात सर्व संघमालकांनी स्थलांतरास एकमताने मान्यता दिली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ओकलंडमधील अखेरचा सामना झाला.

यावर उपाय नाही असे नव्हे. अमेरिकन फुटबॉलमधील ग्रीन बे पॅकर्स हा संघ १९२३ पासून भागधारक असलेल्या सामान्य नागरिकांच्या मालकीचा आहे. लाखभर वस्तीच्या त्या गावातून तो आजवर कोणी हलवू शकलेले नाही. परंतु त्याच लीगचे नियम आता इतर कोणत्याही संघाला अशी मालकी स्वीकारू देत नाहीत. प्रेक्षकाच्या निष्ठेचे मोल मालकांना कळत नाही, असे म्हणूनच म्हणता येणार नाही. ते त्यांना पुरेपूर कळते. ती निष्ठा हिशेबाच्या वहीत जमेच्या बाजूस तेवढी लिहिली जाते, देण्याच्या बाजूस नाही.