एकट्याची वकिली

वकील, सनद, दावा, फिर्याद, तारीख हे शब्द तुम्हांला उर्दूतून ठाऊकच आहेत. अरबी-फारसीतून आलेले हे शब्द मराठी न्यायालयांत आजही रोज कानी पडतात. म्हणजे या व्यवसायाची बरीचशी भाषा तुम्हांला आधीच येते! आता व्यवसायाचीही ओळख करून घेऊ.

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली. पुढे भोसरी, आकुर्डी, चाकण असा कारखान्यांचा पट्टा वाढत गेला. मोठ्या कंपन्यांचे स्वतःचे कायदा सल्लागार असतात. पण त्यांना सुटे भाग पुरवणारा लेथवाला, कंत्राटी कामगार किंवा सातबारा घेऊन आलेला शेतकरी कोणाकडे जाणार? ते जातात एका खोलीच्या कार्यालयात. तेथे वकील एकच. अर्ज तोच टंकलिखित करतो, झेरॉक्सही तोच काढून आणतो.

तेथवर पोचायचे कसे? बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम असतो. त्यासाठी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. मग महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी होऊन सनद मिळते. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याप्रमाणे नोंदणीचे शुल्क ७५० रुपये आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना १२५ रुपये. यापेक्षा जास्त रक्कम घेऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली बजावले. शिवाय अखिल भारतीय बार परीक्षाही उत्तीर्ण व्हावे लागते.

सनद मिळाली की पाटी लावता येते. पण अशील लगेच येत नाहीत. म्हणून बहुतेक जण आधी ज्येष्ठ वकिलाकडे उमेदवारी करतात. या वर्षांत पैसे थोडे, हेलपाटे फार. वकिली करताना पगारी पूर्णवेळ नोकरी करता येत नाही. जाहिरात करण्यासही मनाई आहे. नाव पसरते ते लोकांच्या तोंडूनच.

समजा, भोसरीच्या एका लहान वर्कशॉपवाल्याला मिळालेला दोन लाखांचा धनादेश वटला नाही. त्याला कामगारांचे पगार द्यायचे आहेत. बँकेकडून ही गोष्ट कळल्यापासून ३० दिवसांत धनादेश देणाऱ्याला लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत त्याने पैसे दिले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार करावी लागते. नोटिशीची मुदत हुकली, तर त्या नोटिशीवर खटला उभा राहत नाही. धनादेशाची तीन महिन्यांची मुदत शिल्लक असेल तरच तो पुन्हा बँकेत भरता येतो. मोठ्या कार्यालयात आठवण करून द्यायला कारकून असतो. येथे मात्र सारी भिस्त वकिलाच्या डायरीवर! एक पान उलटायचे राहिले, तर दुसऱ्याच्या घरची चूल अडते.

फी आधी ठरवायची असते. खटला जिंकल्यास त्यातला हिस्सा घेण्याचा करार वकिलाला करता येत नाही. ज्याला फी परवडत नाही, त्याला चांगला वकील विधी सेवा प्राधिकरणाचा रस्ता दाखवतो. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रिया, मुले आणि औद्योगिक कामगार यांना तेथे मोफत वकील मिळू शकतो.

चाकण खेड तालुक्यात आहे, त्यामुळे तिकडची बरीच कामे राजगुरुनगरच्या न्यायालयात चालतात. कामगार न्यायालय मात्र पुण्यात. एकाच दिवशी दोन्हीकडे तारीख लागली, तर एकटा माणूस काय करणार? तो आदल्या रात्रीच एखाद्या वकील मित्राला फोन करून म्हणतो, “उद्या माझ्या वतीने तेवढी पुढची तारीख घ्याल का?” पुढच्या आठवड्यात तोच मित्र त्याला हेच विचारतो.