अंडी हार्मोनच्या सुईतून येत नाहीत

पोल्ट्रीतील कोंबड्यांना हार्मोनची इंजेक्शने टोचून रोज अंडी घालायला लावतात, हा समज सुशिक्षित घरांतही इतका रुजला आहे की, त्यासाठी पुरावा मागावा असे कोणालाच वाटत नाही. हार्मोन अथवा संप्रेरक म्हणजे ग्रंथीत तयार होऊन रक्तावाटे दूरच्या अवयवांना कामाला लावणारे द्रव्य. आणि अंड्यासाठी लागणारी सर्व संप्रेरके मादीचे शरीर स्वतःच निर्माण करते.

या साखळीचा आरंभ प्रकाशापासून होतो. पक्ष्यांत प्रकाश कवटीतून थेट मेंदूवर परिणाम करतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ जाक बेनुआ यांनी १९३०च्या दशकात बदकांवरील प्रयोगांतून दाखवले. दिवस मोठा झाला की मेंदूतील हायपोथॅलॅमस पियुषिका ग्रंथीला चेतवतो, ती अंडाशयाला जागे करते आणि तेथून इस्ट्रोजेन स्रवते. त्याच्या प्रभावाने यकृत बलकाची द्रव्ये बनवते, आक्रसलेली अंडनलिका अनेक पटींनी वाढते आणि हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा साठा होतो, कारण एका कवचालाच सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम लागते.

शेडमध्ये सुमारे १६ तास प्रकाश ठेवला जातो तो हीच नैसर्गिक साखळी चालू राहावी म्हणून, आणि वर्षाला ३००च्या आसपास अंडी मिळतात ती व्हाइट लेगहॉर्नसारख्या जातींची पिढ्यानपिढ्या निवड झाल्यामुळे. तेथे दिसणारी सुई मानमोडीसारख्या रोगांवरील लशीची असते. अमेरिकेत तर कुक्कुटपालनात हार्मोन वापरण्यास कायद्यानेच बंदी आहे आणि ‘हार्मोनविरहित’ असे छापणाऱ्या उत्पादकाला त्याच वेष्टनावर या बंदीचाही उल्लेख करावा लागतो. एवढे असूनही तीच अफवा पुन्हा पुन्हा सांगितली जावी, हे खेदजनक आहे.

कोंबड्याशिवाय अंडे होत नाही, हेही खरे नाही. त्याच्याविना घातलेले अंडे केवळ अफलित असते. खुडूक बसलेली कोंबडी आजारी नसते. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढल्याने तिचे अंडी घालणे थांबते आणि ती उबवू लागते. कोंबडी आरवणे हा अपशकुन नव्हे. अंडाशय निकामी होऊन इस्ट्रोजेन घटले की तिच्यात नराची लक्षणे उमटू शकतात.

अंड्याविषयी शंका असेल, तर ते ताजे आहे का आणि नीट शिजवले आहे का, हे पाहावे. हार्मोनच्या सुईची भीती बाळगण्याचे कारण नाही.