सॉसेज, बटणं आणि आईचं पत्र

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सुधारणांचा सपाटा सुरू होता. इतिहासात हा काळ ‘प्रोग्रेसिव्ह युग’ म्हणून ओळखला जातो. त्या धामधुमीतले हे काही भन्नाट किस्से.

नेम हृदयावर, घाव पोटावर
अप्टन सिंक्लेअर यांनी ‘द जंगल’ लिहिली ती शिकागोच्या कत्तलखान्यांतल्या मजुरांचे हाल मांडायला. वाचक हादरले ते आपल्या सॉसेजमध्ये काय काय जातं हे वाचून! 30 जून 1906 रोजी मांस तपासणी आणि शुद्ध अन्न व औषध हे दोन्ही कायदे झाले. मजूर राहिले होते तिथेच. आपला नेम लोकांच्या हृदयावर होता, लागला पोटाला, असं सिंक्लेअर स्वतःच म्हणत.

विषाची पंगत
1902 मध्ये कृषी खात्याचे रसायनतज्ज्ञ हार्वे वायली यांनी धडधाकट तरुणांना फुकट जेवू घातलं. अट एकच: अन्न टिकवायला वापरली जाणारी बोरॅक्स, फॉर्मल्डिहाइडसारखी रसायनंही पोटात घ्यायची. वर्तमानपत्रांनी या मंडळींचं बारसं केलं, ‘पॉयझन स्क्वाड’!

बटणांची मोजपट्टी
बालकामगारांचे फोटो काढण्यासाठी लुईस हाइन कधी विमा एजंट, तर कधी बायबल विक्रेता बनून कारखान्यांत शिरत. मुलांची उंची मोजायची ती आपल्या जाकिटाच्या बटणांवरून! 1916 मध्ये बालमजुरीविरुद्ध कायदा आला, 1918 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. देशपातळीवर टिकाऊ कायदा व्हायला 1938 उजाडलं.

गोळी छातीत, भाषण जोरात
14 ऑक्टोबर 1912, मिलवॉकी. प्रोग्रेसिव्ह पक्षाचे उमेदवार थिओडोर रूझवेल्ट यांच्यावर गोळी झाडली गेली. खिशात घडी घातलेलं 50 पानी भाषण आणि चष्म्याचं घर होतं, म्हणून ते बचावले. तशाच अवस्थेत ते तासाभराहून अधिक बोलले. निवडणूक हरले, गोळी मात्र आयुष्यभर छातीतच राहिली.

आयकर आणि बाबासाहेबांचे गुरू
फेब्रुवारी 1913 मध्ये घटनादुरुस्ती होऊन आयकराचा मार्ग मोकळा झाला. मूळ दर फक्त 1 टक्का! त्याचे मोठे पुरस्कर्ते होते कोलंबिया विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ एडविन सेलिग्मन. त्याच वर्षी तिथे त्यांचा एक विद्यार्थी दाखल झाला: भीमराव आंबेडकर.

आईची आज्ञा
ऑगस्ट 1920. स्त्रियांच्या मताधिकाराला आता फक्त एका राज्याची मंजुरी हवी होती. टेनेसीचे 24 वर्षांचे आमदार हॅरी बर्न कोटावर विरोधकांचं लाल गुलाब लावून आले होते. खिशात आईचं पत्र होतं: बाजूनं मत दे! बर्न यांनी आईचं ऐकलं आणि पारडं फिरलं. दक्षिणेतल्या बहुतेक कृष्णवर्णीय स्त्रियांना मात्र प्रत्यक्ष मतदानासाठी 1965 च्या कायद्याची वाट पाहावी लागली.

न पिणाऱ्यांचा विजय
जानेवारी 1920 पासून घटनादुरुस्तीनं देशभर दारूबंदी लागू झाली. दुकानांत द्राक्षरसाच्या घट्ट वड्या आल्या, सोबत ‘इशारा’: अमुक करू नका, नाहीतर वाइन होईल! गिऱ्हाईकांना कृती कळली. 1933 मध्ये दारूबंदी गेली. अमेरिकी राज्यघटनेतली पूर्णपणे रद्द झालेली ही आजवरची एकमेव दुरुस्ती.