काही झालं नाही, म्हणजे बरोबर होतं असं नाही

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, किंवा जे लोकलमध्ये इअरफोन विसरतात, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जमतील तेवढे काढलेत. राहिले असतील तर सांभाळून घ्या.

गेल्या हिवाळ्यात मी एक नोकरी सोडली आणि दुसरी सुरू होण्याआधी सहा आठवडे गुलमर्गला जाऊन राहिले. तेव्हापासून तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आहे : "ऑफ-पिस्ट म्हणजे काय, आणि आम्हाला जमेल का?" आज त्याचंच उत्तर देते. पण शेवटी मला जे सांगायचंय, ते स्कीइंगपेक्षा थोडं मोठं आहे. त्यामुळे मध्येच पुढे ढकलू नका.

आधी शब्द समजून घेऊ

पिस्ट म्हणजे आखलेला रस्ता. मशीन फिरवून दाबलेलं, सपाट केलेलं बर्फ, कडेला खुणा, आणि कुणीतरी त्याची जबाबदारी घेतलेली. ऑफ-पिस्ट म्हणजे हे सगळं सोडून बाहेर. मऊ, न तुडवलेलं बर्फ. गुडघाभर, कधी मांडीभर. पहिल्यांदा त्यात उतरलात की पायाखाली जमीन आहे हेच विसरायला होतं.

गुलमर्ग यासाठी जगभर ओळखलं जातं, कारण तिथली गोंडोला. गाव सुमारे 2,650 मीटरवर. तिथून पहिला टप्पा कोंगडोरीला नेतो आणि दुसरा थेट अफरवतच्या खांद्यावर, सुमारे 3,950 मीटरवर. कळसूबाईची उंची 1,646 मीटर. म्हणजे जवळजवळ अडीच कळसूबाई एकावर एक, आणि तुम्ही डब्यात बसून तिथे पोचता. गोंडोलाजवळच्या मुख्य उतारावर स्की पेट्रोल लक्ष ठेवतं, गरज पडली तर स्फोट घडवून धोकादायक बर्फ आधीच खाली पाडतं. पण दोरीच्या पलीकडे पाऊल टाकलंत की तिथून पुढे तुम्ही आणि डोंगर.

आता टेलेमार्क. नेहमीच्या स्कीमध्ये बुटाचा पुढचा भाग आणि टाच, दोन्ही पक्के अडकवलेले असतात. टेलेमार्कमध्ये टाच मोकळी. वळताना एक पाय पुढे सरकवायचा, मागचा गुडघा खाली आणायचा आणि मागची टाच उचलायची. खो-खोत 'खो' मिळायची वाट बघत बसलेला गडी आठवा : एक पाय पुढे, मागचा चवडा टेकलेला, टाच वर. तसंच, फक्त घसरत्या उतारावर, आणि दर वळणाला पाय बदलून. पहिले चार दिवस हॉटेलचा जिना मी उलटी उतरत होते, मांड्यांची अशी अवस्था.

हे नाव नॉर्वेतल्या टेलेमार्क प्रांताचं. तिथल्या मॉर्गेडालचा सोन्द्रे नॉरहाइम, जन्म 1825, गरीब घरातला माणूस. त्याने वेतासारख्या पिळलेल्या डहाळ्यांनी टाचेभोवती बंध बांधला, त्यामुळे उडी मारताना आणि वळताना स्की पायातून निसटेनाशी झाली. 1868 मध्ये, वयाच्या 42 व्या वर्षी, तो ख्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ओस्लोत, स्पर्धेला उतरला आणि लोक बघतच राहिले. 'स्लालम' हा शब्दही त्याच भागातल्या बोलीतला. पुढे टाच बांधणारी स्की आली आणि हे वळण मागे पडलं. 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या कोलोरॅडोत काही जणांनी ते परत उचललं, कारण मोकळ्या टाचेने डोंगर चढताही येतो. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या लावायच्या. त्या पुढे सरकतात, मागे घसरत नाहीत.

आता खरी गोष्ट : बर्फाखाली काय असतं

बर्फ म्हणजे एकसंध पांढरी गादी, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. प्रत्येक हिमवर्षाव एक थर टाकतो, आणि प्रत्येक थर आधीच्याला चिकटेलच असं नाही.

काश्मीरमध्ये 21 डिसेंबरपासून चाळीस दिवस 'चिल्लई कलान' असतो, कडाक्याच्या थंडीचा काळ. समजा या काळात बर्फ थोडंच पडलं आणि आकाश कोरडं राहिलं. जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास, वर हवा त्याहून कितीतरी थंड. मग खालची वाफ बर्फातूनच वर सरकते आणि पुन्हा गोठते. त्यातून साखरेसारखे सुटे, जाड कण तयार होतात. मुठीत धरले तरी गोळा होत नाही. त्यानंतर भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ दोन-तीन दिवसांत भरपूर बर्फ टाकतात, आणि वारा ते एका बाजूने उचलून दुसऱ्या बाजूला घट्ट दाबून बसवतो.

घरी करून बघा. फरशीवर ज्वारीचे दाणे पसरा, वर पाट ठेवा आणि फरशी तिरकी आहे अशी कल्पना करा. पाट मजबूत आहे, दाणेही आपापल्या जागी आहेत. फक्त तुम्ही त्यावर उभं राहायचा अवकाश.

बहुतेक घातक हिमस्खलनं साधारण 30 ते 45 अंशांच्या उतारावर होतात. म्हणजे नेमके तेच उतार, जे स्की करायला सगळ्यात मस्त असतात. आणि माणसं सापडतात त्या बहुतेक वेळा पाट सरकवणारा माणूस त्याच गटातला असतो. डोंगर अचानक अंगावर येत नाही. आपणच कळ दाबतो.

2024 च्या जानेवारीतले कोरड्या गुलमर्गचे फोटो तुम्ही पाहिले असतील. त्याच वर्षी फेब्रुवारीत भरपूर बर्फ पडलं, आणि वरच्या उतारांवर हिमस्खलनात एक रशियन स्कीअर गेला. त्याआधी, फेब्रुवारी 2010 मध्ये, खिलनमर्गला प्रशिक्षण घेणारे आपल्या लष्कराचे 17 जवान हिमस्खलनात गेले होते. तयारी, शिस्त, ताकद, कशातच कमी नसलेली माणसं.

तो दिवस

आता माझं. फेब्रुवारीचा तिसरा आठवडा. दोन दिवस बर्फ पडून थांबलेलं, आकाश निळंशार. आम्ही तिघं आणि आमचे गाइड. वयाने माझ्या बाबांएवढे, सगळे त्यांना चाचा म्हणतात. गोंडोलाच्या शेवटच्या टप्प्यावरून दोरीपलीकडे गेलो, धारेवरून वीस मिनिटं चाललो. समोर एक उतार. एकही रेघ नाही त्यावर. पाच आठवडे मी याच एका उताराची वाट बघत होते.

चाचांनी एक पाऊल टाकलं आणि खालून 'धप्प' असा आवाज आला. पोकळ जागेवर पाय पडावा तसा. स्कीच्या टोकापासून केसाएवढी भेग दोन-तीन मीटर धावत गेली. चाचा मागे सरकले आणि एवढंच म्हणाले, "आज नहीं."

तेवढ्यात दुसरा एक चार जणांचा गट आला, आमच्या शेजारून त्याच उतारावर गेला आणि आरडाओरडा करत खाली पोचलासुद्धा. सुंदर चार रेघा.

"चाचा, वो लोग तो गए ना!"

"गए," ते म्हणाले. आणि परत फिरले.

आम्ही धारेवरून मागे येऊन झाडांमधल्या कमी उताराने उतरलो. मी रस्ताभर एक शब्द बोलले नाही. संध्याकाळी हॉटेलात ते चौघे व्हिडिओ दाखवत होते आणि मी कांगडीवर हात शेकत मनात हिशेब करत होते : माझी सुट्टी, माझे पैसे, माझा उतार. खरं सांगते, त्या रात्री मला चाचा भित्रे वाटले.

दुसऱ्या दिवशी ते मला त्याच दिशेच्या, पण छोट्या आणि सुरक्षित उतारावर घेऊन गेले. फावड्याने छातीएवढा खड्डा खणला. भिंतीतून बर्फाचा एक चौकोनी खांब मोकळा केला, वर फावड्याचं पातं ठेवलं आणि हाताने थोपटायला सुरुवात केली. या चाचणीची पद्धत ठरलेली आहे : आधी मनगटातून दहा, मग कोपरातून दहा, मग खांद्यातून दहा. मनगटाच्या चौथ्या थापेला वरचा अख्खा तुकडा ड्रॉवर उघडावा तसा बाहेर सरकला. चाचांनी खालच्या थरात हात घातला आणि मूठ माझ्यासमोर उघडली. साखर.

"कल भी यही था," ते म्हणाले.

मग ते चौघे का वाचले? कारण पाट सगळीकडे सारखा जाड नसतो. जाड जागी वजन खालपर्यंत पोचत नाही, पातळ जागी पोचतं. चौघांच्या रेघा पातळ जागा चुकवून गेल्या असतील. पाचवी रेघ माझी असती. कदाचित मीही मजेत खाली पोचले असते. आणि तोच तर प्रश्न आहे.

बघा, क्रिकेटमध्ये चुकीचा शॉट मारला की आउट होता, लगेच कळतं. डोंगरात चुकीचा निर्णय घेतला तरी दहापैकी नऊ वेळा काहीच होत नाही. उलट झकास व्हिडिओ मिळतो. म्हणजे चुकीला बक्षीस मिळतं, आणि आपण त्याला 'अनुभव' म्हणतो.

हे मला ओळखीचं वाटलं, कारण हे मी सह्याद्रीत केलंय. पावसाळ्यात ओढा फुगलेला, कमरेएवढं पाणी, आणि ग्रुपमध्ये कुणीतरी म्हणतं, "अरे, मागच्या वर्षी आलो होतो, काही नाही झालं." ते वाक्य म्हणणारी एकदा मीच होते. आम्ही पार झालो. आजवर ती गोष्ट मी 'भारी ट्रेक' म्हणून सांगत आले. आता तशी सांगणार नाही.

जमेल का? हो, पण या क्रमाने

एक. आधी पिस्टवर शिका. गुलमर्गलाच केंद्र सरकारची स्कीइंग आणि गिर्यारोहण शिकवणारी संस्था आहे, तिथे नवशिक्यांसाठी कोर्स असतात. टेलेमार्क नंतर. आणि एक लक्षात ठेवा : टेलेमार्कची बरीच बाइंडिंग पडल्यावर आपोआप सुटत नाहीत. हिमस्खलनात पायाला अडकलेली स्की माणसाला खाली ओढते.

दोन. दोरीपलीकडे जाताना प्रत्येकाकडे तीन वस्तू हव्यातच : बीकन, प्रोब म्हणजे घडीची लांब काठी, आणि फावडं. बर्फाखाली पहिली दहा-पंधरा मिनिटं फार मोलाची, त्यानंतर जगण्याची शक्यता झपाट्याने घटते. तेवढ्या वेळात गावातून मदत येत नाही. शेजारचा मित्रच खणणार. त्यामुळे तिन्ही वस्तू वापरायचा सराव आधीच हवा.

तीन, आणि हे खास आपल्यासाठी. बीकन 457 किलोहर्ट्झवर चालतो आणि मोबाइल त्यात गोंधळ घालतो. फोन बीकनपासून किमान 20 सेंटिमीटर लांब ठेवा. कुणाला शोधताना किमान 50 सेंटिमीटर, आणि त्याहून बरं म्हणजे बंदच. छातीवर बीकन आणि त्याच खिशात रील काढायचा फोन, हे चालणार नाही.

चार. रोज सकाळी हिमस्खलनाचं बुलेटिन वाचा. धोका 1 ते 5 असा मोजतात. 3 हा आकडा 'मध्यम, चालतंय' असा वाचू नका. त्याचा अर्थ तुमच्या एकट्याच्या वजनानेही उतार सुटू शकतो.

पाच. रात्री झोपण्यापूर्वी 'काय झालं' हे विचारू नका. 'आपण कशाच्या जोरावर निर्णय घेतला' हे विचारा. सगळे सुखरूप परतले असतील, तेव्हा तर जास्तच.

शेवटच्या दिवशी चाचांचा निरोप घेताना मी त्या दिवसाच्या अबोल्याबद्दल माफी मागितली. त्यांना तो दिवस आठवतच नव्हता. त्यांच्यासाठी ते रोजचंच होतं : पाऊल टाकायचं, ऐकायचं आणि गरज पडली तर परत फिरायचं.

तुमचाही असा एखादा 'काही नाही झालं' किस्सा असेल तर व्हॉइस नोट पाठवा. शौर्यकथा नको. परत फिरल्याची गोष्ट असेल, तर आधी तीच ऐकवेन. भेटू पुढच्या भागात.